न झालेल्या खुनाचा मुद्देमाल

आयुष्यात मी एकच सौदा हरले, आणि तोही अशा माणसाशी, ज्यानं त्याआधी सहा वर्षं माझ्याशी कधी भावच केला नव्हता.

पनवेलच्या बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. आधी डोक्यावर पाटी होती, मग रस्त्याच्या कडेला गोणपाट, मग भाड्याचा ओटा आणि शेवटी हे शटरचं दुकान. पाटीपासून शटरपर्यंत यायला मला दहा वर्षं लागली. नवरा लवकर गेला, लेक लहान होती, आणि सासरच्यांनी तेव्हा दिला तो फक्त सल्ला. त्यामुळे घासाघीस करणं हा माझा स्वभाव नाही, ते माझं शिक्षण आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, हे कितीवर येऊन थांबणार.

दुकानाच्या वर माडीवर एक खोली होती. त्या खोलीत वकीलसाहेब राहायचे. तिथंच त्यांचं ऑफिस, तिथंच स्टोव्ह, तिथंच खाट. बायको वारलेली, लेक खारघरला नोकरीवाली. खाली सुक्या बोंबलाचा वास आणि वर वकील, असा तो जिना होता. पहिल्यांदा येणाऱ्या अशिलाला पायरीवर थांबून नाकाला रुमाल लावावा लागे. साहेब म्हणायचे, बरं आहे, ज्याची गरज खरी तोच वर येतो.

त्यांना सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, फार आवडत. दर रविवारी खाली येत, पावशेर मागत, मी सांगीन ते पैसे देत आणि आभार मानून जात. ही मला शिवी वाटायची. भाव न करणारं गिऱ्हाईक म्हणजे समोर कुणी नसताना कुस्ती खेळायची. एकदा मुद्दाम दुप्पट सांगितले. त्यांनी दुप्पट दिले. मलाच राहवेना, वरचे पैसे परत करायला जिना चढले, तर म्हणाले, "शेठाणी, तुम्ही मनापासून सांगितलेत, मी मनापासून दिले. यात गुन्हा कुठे आहे?"

सोड्यांची पुडी ते काळ्या कोटाच्या खिशात टाकायचे आणि सोमवारी तोच कोट घालून कोर्टात जायचे. त्यांच्यासोबत जाणारा कारकून सांगायचा की साहेब व्हरांड्यात असले तरी आत न्यायाधीश मान वर करून दाराकडे बघतात.

माणूस मेल्याशिवाय ते केस घेत नसत. चोरी, फसवणूक, मारामारी, सगळं दुसऱ्या वकिलांकडे पाठवून द्यायचे. पण त्यांच्यासमोर कुणी 'खून' म्हणालं की चिडायचे. खून हा शेवटचा शब्द आहे, म्हणायचे, तो पहिल्यांदा उच्चारायचा नसतो. माणूस मेला एवढंच आपल्याला कळलंय. आता सांगा, मारणाऱ्याच्या मनात काय होतं?

हा प्रश्न ते कुणालाही, कशाबद्दलही विचारत. एकदा मी दुकानात चपलेनं झुरळ मारलं. साहेब पुडीसाठी उभे होते. म्हणाले, अचानक समोर आलं, तुम्ही भडकलात, हातात होतं त्यानं मारलंत. हा सदोष मनुष्यवध, पण खून नाही. मग कोपऱ्यातल्या उंदराच्या सापळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, तो मात्र खून. काल तुम्ही तळलेला बोंबील आणलात, सापळ्यात लावलात, दिवा घालवलात आणि घरी जाऊन झोपलात. यात राग कुठे आहे? यात विचार आहे. मी विचारलं, आणि येता-जाता पायाखाली मुंगी मरते ती? तर म्हणाले, ती निष्काळजीपणा. मारायचं नव्हतं, मरेल असं वाटलंही नव्हतं, फक्त खाली बघून चालायला हवं होतं. तिन्ही मेलेच. पण झुरळाची सजा वेगळी, उंदराची वेगळी आणि मुंगीची वेगळी, कारण मेलेला प्रत्येक सारखाच असतो, मारणारा सारखा नसतो.

मग डास? डास चावत असताना मारलात तर स्वसंरक्षण, उडून गेल्यावर पाठलाग करून मारलात तर नाही.

हे बाजारभर झालं. शेजारच्या ओट्यांवरच्या बायका भांडताना आधी 'मुडदा पाडीन' म्हणायच्या, त्या आता 'तुजा सदोष मनुष्यवध करीन, खून नाय करनार' असं म्हणू लागल्या. साहेब माडीच्या खिडकीतून ऐकायचे आणि खूश होऊन मान डोलवायचे.

नवा कायदा आला तेव्हा त्यांचं वय झालेलं होतं. खुनाचं तीनशे दोन जाऊन एकशे तीन झालं, सदोष मनुष्यवधाच्या तीनशे चारचं एकशे पाच, निष्काळजीपणाचं एकशे सहा. मला वाटलं म्हातारा खचेल. एक दिवस खिडकी उघडली नाही, हे खरं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पोरासारखी वही घेऊन खाली आले आणि मला म्हणाले, घ्या माझी परीक्षा. मी जुना आकडा सांगायचा, त्यांनी नवा. चुकले की स्वतःच स्वतःच्या कानाची पाळी धरायचे. बाजारातले लोक चारशे वीस गेलं म्हणून हळहळत होते, आता लबाड माणसाला म्हणायचं काय? साहेब म्हणाले, तीनशे अठरा म्हणा, वर्षभरात तोंडात बसेल. अजून बसलेलं नाही. पण माणसाच्या मनातले प्रकार तेच राहिलेत, फक्त दाराबाहेरची पाटी बदललीय, हे त्यांनी मला वही मिटून समाधानानं सांगितलं.

आता त्या सौद्याचं सांगते. तो जुन्या कायद्याच्या काळातला.

उरणकडे खाडीच्या काठाला आमच्या गावात माझा खळा आहे. खळा म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथं बांबूच्या वलांड्या बांधून बोंबील टांगायचे, खाली जवळा, ती बारीक कोळंबी, पसरायचा. सासऱ्यांनी मरताना ती जागा तोंडी माझी म्हटली होती, आणि तिथं माती चोपून, बांबू रोवून खळा मी केला. माझ्या चुलतदिराचा भरावाचा धंदा. द्रोणागिरीच्या बाजूला गोदामांसाठी माती टाकून टाकून तो मोठा झाला होता आणि सुकापूरला त्यानं काचेचं ऑफिस थाटलं होतं. एका सकाळी गावातून फोन आला की त्याचे डंपर येऊन माझ्या खळ्यावर माती ओतून गेलेत. वलांड्या, त्यावरचे बोंबील, खालचा जवळा, सगळं कमरेएवढ्या मातीखाली. लोकांनी अडवलं तर दिराच्या माणसानं सांगितलं होतं, बाईमाणूस काय करणार.

दुकानात बांबू तासायचा कोयता होता. तो घेतला, शटर ओढलं आणि रस्त्यावर आले.

साहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. रविवार होता, खांद्याला काळी बॅग, हातात सोड्यांची पुडी आणि पुडीतच त्या दिवशी सोबत घेतलेले चार सुके बोंबील. त्यांनी कोयत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळात बघितलं. कुठे, विचारलं. मी म्हणाले, सुकापूर. तर म्हणाले, मलाही तिकडेच जायचंय.

मी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली. साहेबांनी आत वाकून ड्रायव्हरला शांतपणे समजावलं, बाईंच्या हातात काय आहे ते तुला दिसतंय, कशासाठी चालल्यात ते मी तुला सांगतो, आणि एवढं माहीत असून नेलंस तर तू ड्रायव्हर नाहीस, साथीदार आहेस. रिक्षा निघून गेली. दुसरी गेली. तिसऱ्यानं तर दुरूनच वळवली. मी पाय आपटत चालत निघाले आणि हा सत्तरीचा माणूस दुखरा गुडघा ओढत माझ्या बाजूला.

"वकीलसायब, आज तुमी मधी येऊ नका."

"मी मध्ये नाही, बाजूला आहे."

चौकात चहाच्या गाडीशी थांबले. गुडघा फार दुखतो म्हणाले. दोन कटिंग सांगितले. मी नको म्हटलं तरी हातात ग्लास आला आणि तो मी प्यायले, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. साहेबांनी पुन्हा घड्याळात बघितलं.

"वीस मिनिटं झाली. अचानक प्रक्षोभ संपला."

"माजा राग नाय संपला."

"तुमचा नसेल. कायद्याचा संपला."

मग चालता चालता सांगायला लागले. फोन आला त्या क्षणी दीर समोर असता आणि तिथंच वार झाला असता, तर खून खाली आणता आला असता. रागानं भान गेलं होतं, असं मी उभं राहून म्हटलं असतं. पण आता तुम्ही शटर ओढलंत, कुलूप लावलंत, तीन रिक्षांना हात केलात, चहा प्यायलात. ज्या बाईला कुलूप लावायचं भान आहे तिचं भान गेलं होतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू? तीनशे दोन. जन्मठेप.

मी चालत राहिले. पण जन्मठेप हा शब्द कानात गेला आणि माझ्या आत काहीतरी सवयीनं जागं झालं. समोरच्यानं पहिला भाव सांगितला होता. पहिला भाव कधी कुणी देतं का?

मी म्हणाले, डोक्यात नाही, पायावर मारते.

साहेब म्हणाले, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते, तो रक्त जाऊन मेला तर दहा वर्षं. मारायचं नव्हतं म्हणाल, पण मरू शकतो हे ठाऊक होतं.

मी म्हणाले, कोयता उलटा धरते, बोथट बाजूनं.

तर त्यांनी विचारलं, कुठे? डोक्यात, मी म्हणाले. मग धार असली काय आणि नसली काय, दहाच्या खाली येत नाही.

"याच्याखाली काय हाय ते सांगा."

"निष्काळजीपणा. दोन वर्षं. पण त्यासाठी कोयता तुमच्या हातून चुकून पडायला हवा."

"चुकून पाडते."

"इतक्या लांब चालत येऊन?"

मी हातावर यायला तयार झाले. तर म्हणाले, हात तुटला तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं, हत्यारावर अवलंबून आहे. हत्यार कसं आहे, बघू. धारेवर बरंच ठरतं. मी माल दाखवायला द्यावा तसा कोयता त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, वा म्हणाले, आणि बोलत बोलत तो आपल्या काळ्या बॅगेत घातला. मी त्या वेळी काठीचा भाव काढत होते, त्यामुळे माझ्या लक्षातच आलं नाही. मासळी बाजारात इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या हातातून माल गेला आणि तिला कळलं नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रेल्वेवरच्या पुलावर चढलो. चढावर साहेबांना धाप लागली. कठड्याला टेकले. खालून मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत काही बोलता येईना. त्या वेळात मी मनात हिशोब करत होते. दहा वर्षं. पाटीपासून शटरपर्यंत मला दहा लागली होती. लेक तेव्हा बारावीला होती. गाडी संपली.

साहेबांनी लेकीचं नाव काढलं नाही. धर्म, संयम, माफी, यातला एकही शब्द त्यांनी त्या दिवशी तोंडातून काढला नाही. एवढंच विचारलं,

"शेठाणी, तुमचा दीर हा माल म्हणून कसा आहे?"

मी म्हणाले, "कुजका."

"कुजका माल तुम्ही कधी दहा वर्षांच्या भावानं घेतलात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला हसू आलं. कसलं हसू, कठड्याला धरून वाकले. डोळ्यांतून पाणी. जाणारे-येणारे बघत होते आणि साहेब पंचा काढून मान पुसत, जणू काही झालंच नाही, अशा चेहऱ्यानं उभे. मी म्हणाले, त्याला तर पावशेर जवळ्याच्या भावानंसुद्धा घेनार नाय. मग हात बघितला तर रिकामा.

पण एक सांगते, मी रिकाम्या हातानं परत जाणारी नाही. सौदा मोडला तरी काहीतरी पदरात पडायला हवं. तसं मी स्पष्ट सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला. मग पुडीतला एक बोंबील काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, याच्यानं मारा. जास्तीत जास्त तीन महिने किंवा दंड, आणि ती केस मी फुकट लढवीन. आयुष्यातली पहिली छोटी केस.

सुकापूरला ऑफिसात दीर खुर्चीत बसला होता, समोर त्याची चार-पाच माणसं. मला बघून उठला नाही. म्हणाला, वहिनी, या, बसा, खळ्याची जागा तशी पडीकच होती. मी बसले नाही. गालावर असा ओढला बोंबील की त्याचे दोन तुकडे झाले आणि दिराच्या दाढीत चुरा अडकला. मग त्याचाच एक डंपरवाला हसला, आणि एक हसल्यावर बाकीच्यांना आवरेना.

दीर लाल झाला. "केस करतो," म्हणाला. "तुला आत टाकतो."

साहेब लगेच पुढे झाले. टेबलावरचा कागद ओढला, पेन काढलं आणि म्हणाले, मी लिहून देतो, मला सवय आहे. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. फिर्यादीचं नाव, धंदा, पत्ता. मग म्हणाले, "हत्यार. सुका बोंबील, एक नग, लांबी वीतभर. वार करतेवेळी अखंड होता, असं लिहू?"

दिरानं कागद बघितला. माणसांकडे बघितलं. पोलीस ठाण्यात हे वाचलं जाईल तेव्हा तिथं कोण कोण बसलेलं असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. त्यानं सही केली नाही.

परतताना रिक्षा मिळाली. रिक्षात मी साहेबांना विचारलं, एवढा भाव करता येत होता तर इतकी वर्षं माझ्याकडे का नाही केलात? ते म्हणाले, जन्मभर कोर्टात दुसरं काय केलं मी? फाशीवरून जन्मठेपेवर, जन्मठेपेवरून दहावर, दहावरून सातवर. सहा दिवस तेच. रविवारी तरी नको.

पुढे त्यांनीच मला दुसरा वकील गाठून दिला, जागेचे दावे लढवणारा. मोजणी झाली. अर्ध्या खळ्यावरची माती दिरानं उचलली, अर्ध्याची तारीख अजून पडते आहे. माझा राग त्या अर्ध्यावर बसलेला आहे आणि तो मी सोडणार नाही. माझ्या घामानं चोपलेली जमीन आहे ती.

कोयता मात्र परत मिळाला नाही. मी मागायची, साहेब म्हणायचे, तो मुद्देमाल आहे, खटला संपेपर्यंत देता येत नाही. मी म्हणायची, खटला झालाच कुठे? ते म्हणायचे, तीच तर अडचण आहे, झालाच नाही तर संपणार कसा? बांबू तासायला मी नवा घेतला, पण त्याला जुन्याची मूठ नाही. लेकीच्या हळदीला साहेब आले होते, दिरालाही भावकी म्हणून बोलवावं लागलं. मी मुद्दाम दोघांना शेजारी बसवलं आणि ताटात बोंबलाचं कालवण वाढलं. दिरानं ते बाजूला सारलं. साहेबांनी त्याचंही संपवलं.

गुडघ्यानं जिना नको म्हटला तेव्हा साहेबांची लेक त्यांना खारघरला घेऊन गेली, चौदाव्या मजल्यावर. मी सोडे घेऊन जायची. लिफ्टमधली माणसं कोपऱ्यात सरकायची. दारात पोचायच्या आधी आतून आवाज यायचा, "शेठाणी आल्या." गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. डॉक्टरांनी नैसर्गिक लिहिलं. जायच्या आधीच्या आठवड्यात मला म्हणाले होते, याला मात्र कलम नाही हो, कुणाच्याच मनात काही नसतं.

परवा त्यांची लेक दुकानात आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट पुडकं. सुतळीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, कोर्टातल्या वस्तूंना बांधतात तशी, आणि त्यावर साहेबांचं अक्षर. न झालेल्या खुनाचा मुद्देमाल. मूळ मालकिणीस परत करावा. अट: राग गेला असल्यास.

मी पुडक्यावर हात ठेवला. मूठ कागदातूनही ओळखू आली. तिनं तिच्या बाजूनं धरून ठेवलं होतं.

"बाबांनी बजावलंय, विचारल्याशिवाय देऊ नकोस. गेलाय का राग?"

"गेला," मी म्हणाले.

ती बापासारखंच बघत राहिली, मनात काय आहे ते आधी सांगा असं. मी हात काढला नाही. तिनंही नाही.

"बरं, अर्धा गेलाय," मी म्हणाले.

तिनं मान डोलवली, पुडकं उचलून काखेत घेतलं आणि म्हणाली, "मग पुढच्या वर्षी येते, मावशी. पावशेर सोडे द्या."

मी दिले. भाव सांगितला. तिनं तो न बोलता दिला, आणि मला खात्री पटली की हा सौदासुद्धा मी हरणार आहे.